देवाला डोळा कसा मारायचा

डॉक्टरांनी सांगितलं, आमाची, म्हणजे माझ्या आईची, छाती आता आमच्या पेलिंगची थंडी काढणार नाही. माझा भाऊ उग्येन हिवाळ्याआधी तिला खाली सिलीगुडीला न्यायला तयारच बसला होता. आमाने कुरकूर केली नाही. एवढंच म्हणाली, "तिथे सगळं असेल गं. पण सकाळी उठून हात कुणाला जोडू?"

कांचनजंगा तिच्या खिडकीत असतो. फोटो दिला तर म्हणते, ते पर्यटकांसाठी. म्हणून चाळिशी उलटल्यावर, मोमोचं दुकान दुपारी बंद ठेवून, मी थुलुङ सरांकडे तैलचित्र शिकायला जाऊ लागले. सर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. जिभेला हाड नाही.

"आधी आकाश, मग डोंगर, मग जवळची झाडी. लांबचं फिकट, जवळचं गडद," असं घोकून घेत. बर्फात मी नुसता पांढरा फासला की ओरडत, "भिंतीला चुना लावतेस का? सावलीत निळा टाक!" तेही हळूहळू जमलं. गाडी अडली ती मापाशी. सर हात ताठ करून ब्रश डोंगरावर रोखत, एक डोळा मिटत आणि उंची घेत. माझा हातच उचलेना. आमच्यात त्याच्याकडे साधं बोटसुद्धा दाखवत नाहीत. दाखवायचाच झाला तर उघड्या तळव्याने.

"सर, देवावर काठी रोखायची आणि वर डोळा मारायचा?"

"मार की! तो काय पोलिसात जाणार आहे?"

मी आपली अंदाजाने काढायची आणि डोंगर दरवेळी कॅनव्हासभर व्हायचा. आकाशाला जागाच उरायची नाही. "डोंगर आहे की तुझी सासू?" सर हसायचे.

शेवटी मनातल्या मनात माफी मागितली आणि मोजला. ब्रशच्या दांड्यावर जेमतेम दोन बोटं भरला. ज्याच्या धाकात सगळं आयुष्य गेलं, तो एवढासाच! मला फार वाईट वाटलं. पण चित्र बरोबर आलं. सरांनी पहिल्यांदाच पाठ थोपटली. मी ते जपून घरी आणलं आणि आमासमोर धरलं. तिने चष्मा लावून नीट पाहिलं.

"छान काढलंस. कुठला डोंगर गं?"

परवा जीप येणार होती. मी दुसऱ्या दिवशी चित्र परत सरांकडे नेलं आणि ओला डोंगर सुरीने खरवडून काढला.

"वेड लागलं का तुला?" सर म्हणाले.

मी ब्रश उचलला. मोजलं नाही, खिडकीबाहेर पाहिलंसुद्धा नाही. लहानपणी आमाच्या कडेवरून दिसायचा तसा रंगवला. झाडी त्याच्या पायाशी गेली, आकाशाची नुसती पट्टी राहिली.

सर चित्राजवळ आले. "माप साफ चुकलंय," म्हणाले. मग हळूच, "आता याला सुरी लावू नकोस."

जीप दारात आली तेव्हा रंग ओलाच होता. तैलरंग काही कुणाच्या घाईने वाळत नाही. आमा चपला घालून निघाली होती. मी चित्र पुढे केलं. ती थांबली. तिने चपला काढल्या.

"आमा, ओलं आहे..." मी म्हणेपर्यंत तिने डोंगराच्या पायथ्याला हात लावून तो कपाळाला टेकवला.

कपाळावर निळा डाग उमटला. चित्रात तिच्या बोटांचे ठसे. मी फडकं घेऊन धावले.

"राहू दे," ती म्हणाली. मग उग्येनकडे वळली. "चल बाबा. आता कुठेही ने."