घरची भाकर

बारकूसारखं फेकायचं जाळं धसईच्या पंचक्रोशीत कुणाला विणता येत नव्हतं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. कातकऱ्यांच्या वाडीतली माणसं हसून मान डोलवत, कारण बढाई असली तरी खोटी नव्हती. त्याचं जाळं पाण्यावर गोल पडायचं आणि झटकन तळाला बसायचं, कारण काठाला भरपूर शिसं. भंगारातल्या बॅटऱ्या फोडून तो शिसं काढायचा, चुलीवर तव्यात वितळवायचा आणि ओल्या मातीत बोटानं ओढलेल्या चरात ओतायचा. गार झालं की तुकडे करून जाळ्याच्या काठाला आवळायचे. घरात तवा एकच. काम उरकलं की बायको, सकुबाई, तो राखेनं घासून लख्ख करायची आणि त्यावर तांदळाची भाकरी टाकायची. बापानं असंच केलं, आज्यानं असंच केलं, कुणी मेलं नाय, असं बारकूचं म्हणणं. मेलेल्यांना कुणी विचारलं होतं म्हणा.

नात प्रियांका चार वर्षांची. तिचे आईबाप वीटभट्टीवर, म्हणून ती या दोघांपाशी. दिवाळीनंतर तिचं पोट दुखायला लागलं. मग ती खेळेना, आणि पुढे तर येत असलेले शब्दही विसरायला लागली. एका सकाळी आकडी आली तेव्हा बारकूनं तिला उचलून मुरबाडचा दवाखाना गाठला.

रक्ताचा रिपोर्ट आला तसं डॉक्टर जयश्री मॅडमनी त्याला जवळ बसवलं. "बाबा, हिच्या रक्तात शिसं आहे, खूप आहे. घरात शिशाचं काही काम करता?"

चोराच्या मनात चांदणं. बॅटऱ्या कुठून आणल्या ते विचारतील, पोलीस येतील, जाळी नेतील. आणि वाडी काय म्हणेल? आज्यानंच नात खाल्ली.

"नाय मॅडम," बारकू म्हणाला. "आमी मजुरीवाले."

बाहेर येऊन त्यानं स्वतःची समजूत घातली. शिशाचा धूर बाधला असणार, आणि धूर तर तिकडे वाडीत राहिला. पोर इथं, चूल तिथं. आता गप्प बसलं तर कुणाचं काय बिघडतंय? यापुढे शिसं वितळवायचं नाही, अशी शपथही त्यानं मनातल्या मनात घेतली. मनातली शपथ स्वस्त असते. त्याला लगेच हलकं वाटलं.

औषध सुरू झालं. पोर दवाखान्यातली खिचडी गालात धरून ठेवायची, गिळायची नाही. मग सकुबाई रोज पहिल्या एसटीनं भाकरी घेऊन यायची आणि बारकू नातीला मांडीवर घेऊन एकेक घास भरवायचा. ती फक्त त्याच्याच हातचं खायची, आणि शेजारच्या खाटेवाल्यांना तो हे कौतुकानं सांगायचा.

दहा दिवसांनी दुसरा रिपोर्ट आला. बारकू भरवत होता तेव्हाच मॅडम कागद घेऊन आल्या. "औषध चालू आहे तरी शिसं वाढलंय. म्हणजे अजून पोटात जातंय. काय खाते ही?"

"घरची भाकर," सकुबाई म्हणाली. "दुसरं काय खात नाय गो बाय ती. रोज ताजी करून आणते."

"कशावर भाजता?"

"तव्यावर. जुना हाय, लोखंडाचा."

बारकूचा घास हातातच राहिला. आपण काय केलं ते त्याला एकदम कळलं.

"त्याच तव्यात मी शिसं वितळवतो," तो म्हणाला. "पयल्या दिवशी खोटं बोललो."

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खाटेच्या कडेला बसल्या. "रक्तातलं हळूहळू उतरेल. डोक्यात गेलंय त्याचं मी काही सांगू शकत नाही. विसरलेले शब्द परत येतील असं धरून चालू नका. हे दहा दिवस आपल्या हातात होते, बाबा."

सकुबाईनं भाकरीचं फडकं दोन्ही हातांनी गच्च आवळून धरलं.

प्रियांकाला यातलं काही कळलं नाही. तिला भूक लागली होती. तिनं आज्याच्या हाताकडे बघून तोंड उघडलं आणि घासाची वाट बघत राहिली.