मुकुटाची बाटली

मनकर्णाबाई बाजारात दिसली, की पिंपळगाव राजा गावचे दुकानदार आधी आपली वजनं पुसून ठेवायचे. ही बाई शेराचं वजन उलटं करून खालचा सरकारी शिक्का बघणार, आणि तो यंदाचा नसला तर चारचौघांत अब्रू काढणार. साहेब दर वर्षी येतो, वजन तपासतो आणि मगच मुकुटाचा ठसा मारतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अक्षराशी तिचं वाकडं, पण शिक्का ओळखावा तर तिनंच. बायका तिला विचारल्याशिवाय पायलीभर ज्वारी घेत नसत, आणि याचा तिला माज होता, खोटं कशाला बोला!

सून कोकिळा बाळंत झाली, मुलगी झाली, पण अंगावर दूध येईना. सासू वाईट नव्हती. जीव तुटायचा तिचा. त्या आठवड्यात बाजारात एक परगावचा माणूस ताकदीची दवा विकत होता. म्हणे, एका चमच्यात शेरभर दुधाचं सत्त्व! मनकर्णाबाईनं बाटली फिरवून फिरवून पाहिली. कागदावर मुकुट छापलेला होता. मग काय, तिची खात्री पटली.

शेरभर दूध चमच्यात मिळत असेल, तर सुनेवर घरच्या म्हशीचं कशाला घालवा? ते विकून तिनं दुसरी बाटली आणली. डिंकाचे लाडूही बंद केले. दीड महिन्यात कोकिळाची हाडं दिसू लागली. पोरीला शेळीचं दूध पचलं नाही. मंगळवारी ती गेली.

पाचव्या दिवशी मनकर्णाबाई बाटली घेऊन शाळेच्या भगवानराव मास्तरांकडे गेली.

"मास्तर, दोन चमच्याचे चार केले त चालन का? पोरगी त गेली. आता सुनेले वाचवा लागन."

मास्तरांनी कागदावरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचली.

"बाई, ही नोंदलेली निशाणी आहे. हे चित्र दुसऱ्या कोणी छापू नये, एवढाच याचा अर्थ."

"अन् आतली दवा? ते त साहेबानं तपासली असन ना?"

"कोणीच नाही तपासली. तपासली असं यावर लिहिलेलंच नाही."

मनकर्णाबाई घरी आली ती चुलीपाशीच गेली. म्हशीचं दूध तापवलं, वाटीत ओतलं आणि कोकिळाच्या उशाशी बसली. वजनावरचा शिक्का वेगळा, बाटलीवरचा वेगळा, एवढं आपल्याला कळू नये? तिला स्वतःची किळस आली.

"दवा खोटी निघाली, बाई. मी फसली."

"मले पयल्या चमच्यालेच समजलं होतं," कोकिळा भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "गुळाचं पानी होतं ते."

"मंग काऊन नाही बोलली?"

"शिक्का तुम्ही पाह्यला होता, आत्याबाई. मले वाटलं, माहीच जीभ बिघडली."