निजलेली रेघ

लोणावळ्याच्या बाजारपेठेत सन १९३५ च्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली, तेव्हा आजवरच्या एकूण रोग्यांचा आलेख काढण्याचे काम आरोग्य कचेरीतल्या बी.एस्सी. झालेल्या महिपतीकडे होते. कागदावरचा एक चौकोन म्हणजे वीस रोगी. चार आठवड्यांत बाजारपेठेची रेघ तीस, साठ, एकशे वीस, दोनशे चाळीस अशी चढत गेली. जवळच्या वलवण गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या कातकरी वाडीची रेघ मात्र तळाशी निजून राहिली. कंपाउंडर आणि पाण्यात टाकायचे औषध रेघ पाहूनच धाडले जाई.

वाडीची सारजाबाई डोंगर उतरून आली ती थेट महिपतीच्या टेबलाशी.

"मावशी, तुमच्याकडे काही विशेष नाही," महिपती रेघ दाखवीत म्हणाला.

"इशेष न्हाई? परवा माजी सून गेली! आदी दोघं पडली, फुडल्या आठवड्यात चार झाली, मंग आठ, आता समदी मिळून सोळा. कागद झोपलाय भाऊ तुमचा, आमी न्हाई!"

दोन, चार, आठ, सोळा! महिपती दचकला. दर आठवड्याला दुप्पट; बाजारपेठही तशीच दुप्पट. त्याने लघुगणकाचे कोष्टक उघडून नवा कागद आखला. त्यात प्रत्येक दुपटीची उंची सारखीच, मग दोनाचे चार होवोत की एकशे विसाचे दोनशे चाळीस. दोन्ही रेघा समांतर उठल्या! पहिला आलेख आपणच काढला होता, याची त्याला लाज वाटली.

कचेरीचे प्रमुख रावसाहेब हसले. "कातकऱ्यांची रेघ बाजारपेठेच्या जोडीला? महिपतराव, हा गणिताचा चावटपणा. जुन्यावर सही करा, पुण्याच्या वरिष्ठांना धाडायचा आहे."

"करणार नाही. जुना आलेख किती माणसे पडली ते सांगतो. साथ किती वेगाने वाढते ते नवा सांगतो. वाडीत माणसे चौसष्ट. सोळाचे बत्तीस, बत्तिसाचे चौसष्ट. पंधरवड्याने कागद उरेल, रावसाहेब, वाडी उरणार नाही!"

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या. ही निजलेली रेघ माझ्या सहीने पुण्याला जाणार नाही."

सारजाबाई पुढे सरली. "सायेब, मोजायचं आसंल तर आत्ताच मोजा. मागनं मोजायला आमी कुटं?"

रावसाहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. नव्यातल्या दोन्ही समांतर रेघांवरून बोट फिरवले. मग जुना कागद त्यांनी स्वतःच फाडला. "कंपाउंडरला बोलवा. निम्मे औषध आजच वाडीला."

पुढल्या आठवड्यात वाडीची रेघ अठरावर आडवी झाली. या वेळी ती खरोखरच निजली होती.

नागरिकहो, थोड्यांचे दुःख थोडे दिसते ते बहुधा आपल्या हातातल्या मोजपट्टीमुळे. पट्टी आपण निवडतो, तेव्हा तिचा जाबही आपणच दिला पाहिजे!