रंगाने मिटलेले दार

दिनांक ७ मार्च, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. वेतन कार्यालयाच्या खिडकीसमोर उभ्या असलेल्या एकोणीस जणांपैकी सर्वांत पुढे होती सीमेवर असलेल्या एका हवालदाराची बायको. तिने वसुलीची नोटीस खिडकीतून आत सरकवली.

"साहेब, गेले आठ महिने मी सरकारी घरात राहते, असं तुमचा कागद म्हणतो. मग मला माझं घर दाखवा तरी."

रांगेत हशा पिकला. खिडकीमागच्या लिपिकाला मात्र हसू आले नाही. त्याला सगळे 'दशांश' म्हणत, कारण पूर्ण रुपयांपुढेही टिंब देऊन दोन शून्ये लिहिल्याखेरीज त्याचा हात थांबत नसे. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या हिशेबात दुरुस्ती निघाली नव्हती. दुरुस्ती लाल शाईने करायची आणि खाली चुकणाऱ्यानेच सही करायची, असा तिथला शिरस्ता होता. दशांशच्या लाल पेनातली शाई वाळून खडा झाली होती. निवृत्तीला तीन आठवडे उरले होते.

"वहिनी, हिशेब सरळ आहे," तो म्हणाला. "हवालदारांचं मूळ वेतन छत्तीस हजार. या शहराला वीस टक्के दर. म्हणजे घरभाडे भत्ता महिना सात हजार दोनशे."

"पण ते तर तिकडे तंबूत राहतात."

"भत्ता त्यांच्या तंबूचा नाही, तुमच्या छपराचा. तुम्ही भाड्याने राहता म्हणून मिळतो. सरकारी घर मिळालं की बंद. एक जुलैला तुम्हाला घर दिल्याचा आदेश आहे. तो आमच्याकडे पोचला फेब्रुवारीअखेर. म्हणून आठ महिन्यांचे सत्तावन्न हजार सहाशे परत घ्यायचे, बारा हप्त्यांत."

"भत्ताही बंद आणि वर हप्ताही! म्हणजे महिन्याला बारा हजारांची खोट," तिने क्षणात बेरीज केली. "घरमालकाने दुसरा भाडेकरू बघून ठेवलाय. संध्याकाळपर्यंत सांगा म्हणतो, राहताय की खोली सोडताय. आणि साहेब, घर मिळाल्याची चिठ्ठी आली, किल्ली नाही आली. मोरीचा नळ फुटलाय, दुरुस्त झाला की बोलावू म्हणाले. अजून बोलावतायत."

दशांशचे पेन थांबले. एरवी आदेश निघाला की त्याच संध्याकाळी माणसे गाद्यांच्या वळकट्या घेऊन नव्या घराच्या पायरीवर बसलेली त्याने पाहिली होती. मिळालेले घर रिकामे राहते, असे त्या सरकारी वसाहतीत कधी घडलेच नव्हते. त्यामुळे आदेशाची तारीख हीच ताब्याची तारीख, असे त्याचा हात न विचारताच लिहीत आला होता. नियमात शब्द मात्र होता 'ताबा'.

त्याने शेजारच्याला खिडकीवर बसवले आणि डोक्यावर टोपी चढवली. "चला. घर बघू."

बाकावर बसलेली तिची सासूही उठली.

"मावशी, तुम्ही बसा, ऊन आहे," दशांश म्हणाला.

"मावशी काय म्हणता? तुमच्याच वयाची असेन. आणि आठ महिने राहतोय ना आम्ही तिथे? मग भांडी कुठे मांडलीत ते बघायला नको?"

देखभाल विभागातला ओव्हरसियर किल्ल्यांचा जुडगा वाजवत बरोबर आला. त्या घराच्या तिन्ही किल्ल्या अजून एकाच तारेत ओवलेल्या होत्या. त्याने कुलूप काढले, कडी सरकवली, दार ढकलले. दार ढिम्म हलेना. पावसाळ्यानंतर रंगाऱ्यांनी साऱ्या ओळीला हिरवा रंग दिला होता आणि इथे दार आणि चौकट एकाच हाताने रंगवून टाकली होती. दशांशने फटीवरून बोट फिरवले. वरपासून खालपर्यंत रंगाचा थर अखंड होता, कुठे केसभरही चीर नव्हती.

"अगं, बेताने ढकल," सासू सुनेला म्हणाली. "आपलंच घर आहे, मोडायचं!"

ओव्हरसियरने खांदा लावला तेव्हा रंग पापडासारखा तडकला आणि दार उघडले. आत मोरीपासून दारापर्यंत चर खणलेला होता. नवा नळ कागदाच्या वेष्टनासकट भिंतीला टेकून उभा होता.

"नळ जोडणारा दुसरीकडे गेला, ते राहूनच गेलं," ओव्हरसियर खाली बघत म्हणाला. "ताबा दिला नाही, असं लिहून देतो."

"मीही विचारायला हवं होतं," दशांश म्हणाला.

सगळे कार्यालयात परतले. लेखाधिकारी वयाने दशांशच्या मुलाएवढा होता. त्याने सगळे नीट ऐकून घेतले आणि आवाज खाली आणला. "काका, तीन आठवडे राहिलेत तुमचे. 'कार्यालयीन चूक' लिहू आणि मी सही करतो. तुमची पाटी कोरी राहू दे."

दशांशला मोह झाला नाही, असे नाही. काचेपलीकडे सासू सुनेच्या पदराने घाम पुसत होती आणि सून एकटक त्याच्या हाताकडे बघत होती.

"साहेब, हवालदारांना घरात मी बसवलं," तो म्हणाला. "बाहेरही मीच काढतो. तेवढं लाल पेन द्या."

त्याने नोंदीवर एकच रेघ मारली, पट्टी लावून. खाली कारण लिहिले, पूर्ण नावाने सही केली आणि प्रत सुनेच्या हाती दिली. तिने ती दोनदा वाचली, मग तिथेच उभ्याने घरमालकाला फोन लावला.

"हो, मीच बोलतेय. राहतोय आम्ही. त्या माणसाला दुसरी खोली बघायला सांगा." फोन ठेवल्यावर तिने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले.

"आता ते घर तयार झालं की?" सासूने विचारले.

"किल्ली हातात येईल त्या दिवसापासून भत्ता बंद. त्याच्या एक दिवसही आधी नाही."

"आणि तुम्ही स्वतः येऊन दार उघडून बघा हो आधी!"

दशांश चौतीस वर्षांत पहिल्यांदा खिडकीमागे मोठ्याने हसला. दोघी गेल्यावर त्याने पुढच्या माणसाला बोलावण्यापूर्वी कागद एकदा उन्हाकडे धरला. बोटाच्या पेरावर हिरव्या रंगाचा कपचा अजून चिकटलेला होता. लाल सही वाळली होती आणि तिच्या वर लिहिले होते :

भत्ता चालू, दरमहा रुपये ७,२००.००. वसुली रुपये ०.००.