सरांना लाटणं वाटलं तो ब्रश

आमच्या चर्चमध्ये सुगीच्या सणाला टेबलावर जे ठेवाल ते नाकारत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. कुणी बाजरीची कणसं आणतं, कुणी भोपळा, कुणी कोंबडी. मनकर्णाआजी दरवर्षी एकच अंडं आणते. उपासना संपली की सगळ्याचा लिलाव होतो, आणि तो बोलतात आमचे सेक्रेटरी, निवृत्त हेडमास्तर दानीएल सर. ज्या वस्तूला बोलीच लागणार नाही ती लिलाव बोलणाऱ्यानं स्वतः घरी न्यायची, हा नियम सरांनीच घातलेला. देवापुढं ठेवलेलं माघारी जाऊ नये म्हणून. नियम चांगला आहे, सरांचं सगळंच वाईट असतं असं मी म्हणत नाही.

मी रेबेका. अकरा वर्षं या चर्चची झाडलोट करते. पूर्वी खाली सतरंज्या असायच्या, त्या मी कुंपणाच्या भिंतीवर टाकून काठीनं झोडायचे. दोन वर्षांपूर्वी सरांच्या दुबईच्या मुलानं वेदीपासून दारापर्यंत लाल गालिचा घालून दिला, आणि तो साफ करायला व्हॅक्यूमचं मशीन. त्या मशीनच्या तोंडात एक गोल ब्रश फिरतो. त्याचे केस गालिच्यातली धूळ उकरून वर काढतात, मग मशीन ती ओढून घेतं. केस नसतील तर मशीन नुसतं बोंबलतं. मला हे पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण मी ते उलटं करून पाहिलं. सरांनी कधी पाहिलं नाही.

सरांना त्या मशीनचं भारी कौतुक. कुणी पाहुणा आला की हाक यायची, "रेबेका, मशीन काढ." मग गालिचा झाला की व्हरांडा, व्हरांडा झाला की पायऱ्या. आमची शहाबादी फरशी म्हणजे टाचा घासायच्या कामाची, इतकी खरबरीत.

"सर, ह्ये गालिच्याचं हाय," मी म्हटलं. "फरशीवर ब्रश झिजंल."

"तू मला मशीन शिकवू नकोस."

मग फिरवलं. यंदाच्या ईस्टरपर्यंत ब्रशचे केस दाढीच्या खुंटाएवढेसुद्धा राहिले नाहीत. मी सरांना तीनदा सांगितलं. एकदा म्हणाले, ब्रशला काय धाड भरली आहे? दुसऱ्यांदा म्हणाले, बायकांचे केस अडकले असतील, ते काढ. ते तर मी दर शनिवारी ब्लेडनं कापून काढतच होते. तिसऱ्यांदा ते मोबाईलवर बोलत होते, त्यांनी नुसता हात हलवला.

तेव्हा मी आपली केरसुणी घेऊन गुडघ्यावर बसले आणि वीतवीत गालिचा झाडायला लागले. चार तास लागायचे, पण निघायची धूळ. एका शनिवारी सर आले, त्यांनी पाहिलं आणि माझ्या हातातली केरसुणी काढून घेतली. "गालिच्याचे धागे निघतील," म्हणाले, आणि संडासामागं भिरकावून दिली. आता गालिचा काय जिभेनं चाटून काढू?

ऑक्टोबरात नगरहून पाहुणे पाळक, म्हणजे पाद्री, आले. प्रार्थनेला गुडघे टेकून उठले तर पांढऱ्या झग्यावर दोन मातकट ठिगळं. सर तिथंच उभे राहून सगळ्या मंडळीसमोर म्हणाले, "काही लोकांचे हात आता चालत नाहीत. साफसफाई नगरच्या एजन्सीला देतो आहोत. सुगीच्या सणाला तसं जाहीर वाचून दाखवू." नाव घेतलं नाही. घ्यायची गरज काय, झाडणारी एकटी मीच. लोक खाली गालिच्याकडं बघत बसले. काम गेलं असतं तर मी दुसरं धरलं असतं, हातपाय धड आहेत. पण अकरा वर्षं राबून कामचुकार म्हणून बाहेर पडायचं, हे मला सहन होणार नव्हतं.

सणाच्या आदल्या दिवशी मी मशीनचे दोन स्क्रू काढले, ब्रश बाहेर काढला, धुऊन वाळवला आणि पांढऱ्या रुमालात गुंडाळला. दुसऱ्या दिवशी तो आजीच्या अंड्याशेजारी नेऊन ठेवला.

कणसं गेली, भोपळा गेला. मग सरांनी रुमाल सोडला आणि हातातली वस्तू उंच धरली. "छान. हे लाटणं कुणी आणलंय?"

मी उभी राहिले. "सर, त्यो तुमच्या मशीनचा ब्रश हाय."

मागून कुणीतरी हसलं.

"हात फिरवून बघा त्याच्यावरनं," मी म्हटलं. "एक केस जरी लागला तर मी आजच काम सोडते. दोन वर्सं पायऱ्यांवर फिरवलाय त्यो, तुमच्या सांगण्यावरनं. तीनदा सांगितलं हुतं तुमाला. आनि हात चालत न्हाईत माजे?"

सरांनी अंगठा फिरवला. मग ब्रश बाजूला ठेवायला लागले. "हे काय टेबलावर ठेवायचं असतं?"

"टेबलावर ठिवलेलं नाकारत न्हाईत, सर," मनकर्णाआजी पहिल्या रांगेतून म्हणाली. "बोला."

सरांना बोलावं लागलं. त्यांचा भाचा नोहा मामांना सोडवायला हात वर करत होता, तेवढ्यात आजी त्याच्याकडं वळली. "खाली घे हात. तुज्या घरी मशीन हाय का?" त्यानं हात खाली घेतला.

"एक वार," सर म्हणाले. एकही हात वर आला नाही. "दोन वार." त्या दिवशी गालिच्याकडं बघत बसलेली माणसं आज सरळ सरांकडं बघत होती.

"तीन वार," सर हळूच म्हणाले. "माझ्याकडं."

खिशातून एजन्सीचा कागद त्यांनी अर्धा काढला होता, तो परत आत सारला. मग अंडं विकलं.

उपासना सुटल्यावर ते ब्रश हातात घेऊन व्हरांड्यात माझ्याजवळ आले. माफी वगैरे मागितली नाही, हेडमास्तर ते हेडमास्तर. "नवा कुठं मिळतो हा?"

"नगरला. पन आदी माजी केरसुनी आनून द्या."

"आत्ता?"

"आत्ता. कुटं टाकली ती तुमालाच ठावं."

सर ब्रश तसाच हातात धरून पायऱ्या उतरले आणि संडासामागं गेले. भोपळे, कोंबड्या घेऊन घरी निघालेली माणसं फाटकापाशी थांबली, आणि सर परत येईपर्यंत कुणी हललं नाही.