बुवाचं टेबल

नाथा गेल्यापासून बुवाने धड अन्न खाल्लं नव्हतं. बुवा म्हणजे नाथाचा कुत्रा. भजन सुरू झालं की डोळे मिटून बसायचा, म्हणून हे नाव. विठाने दूधभाकर कुस्करून दिली, सुकट भाजून दिली, पण पठ्ठ्या नुसता हुंगून बाजूला व्हायचा. कारखान्याचा भोंगा झाला की अंबरनाथ स्टेशनाजवळच्या एका हॉटेलच्या अंगणात जाऊन बसायचा आणि अंधार पडल्यावर रिकाम्या पोटी परतायचा. बरगड्या वर आल्या होत्या. नवरा तर हातचा गेलाच, आता हे मुकं जनावर जाऊ द्यायचं नाही, असं विठाने मनाशी पक्कं केलं.

तेरावं होऊन आठवडाही झाला नव्हता. शेजारणी नको नको म्हणत होत्या. त्यांना बोलायला काय जातं? विठाने पदर खोचला आणि कुत्र्यामागोमाग निघाली.

अंगणात आंब्याखाली पत्र्याची टेबलं, आणि सगळीकडे कारखान्यातून सुटलेले पुरुष. बुवा थेट कडेच्या टेबलाखाली शिरला. गल्ल्यावरच्या महिपतीने सांगितलं, नाथा रोज तिथेच बसायचा, उसळपाव मागवायचा, एक घास आपण खायचा आणि एक कुत्र्याला द्यायचा. विठाला राग आला. इतक्या वर्षांत बायकोला एकदाही आणावंसं वाटलं नाही या माणसाला.

"वहिनी, बायांची फॅमिली रूम आत आहे," महिपती ओशाळून म्हणाला. "कुत्रा मात्र आत नाय चालणार."

"मग मी बाहेर बसते."

ती नवऱ्याच्या खुर्चीत बसली. नाथाच्या खात्यातले दोघेतिघे हातातला घास तसाच धरून बघत राहिले. लाजेने तिचे कान तापले, पण ती हलली नाही. उसळपाव आला. पाव रश्श्यात बुडवून तिने बुवापुढे धरला. त्याने तोंड फिरवलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं, आधी आपण खायचं.

परक्या पुरुषांसमोर विठा आजवर कधी जेवली नव्हती. तिने घास तोंडात घातला, चावला, गिळला. मग दुसरा खाली धरला. बुवाने तो खाल्ला. मग पुढचाही. तिला रडू आवरेना. उरलेलं सगळं तिने कागदावर काढून त्याच्यापुढे सरकवलं.

महिपतीने जवळ येऊन विचारलं, बुवासाठी आणखी एक प्लेट आणू का.

"आणा," डोळे पुसत विठा म्हणाली. "पण ही प्लेट माझ्यासाठी."