सुनेचं शेवटचं वर्ष

कॉलेजच्या मॅडमचा फोन आला तेव्हा मी नातवाला मऊ भात भरवत होते. हात खरकटा होता म्हणून फोन स्पीकरवर टाकला. सून पलीकडे पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. त्यामुळे मॅडम जे काही बोलल्या ते आम्ही तिघांनीही ऐकलं. त्यातल्या एकाला अजून बोलता येत नाही, एवढंच.

"तुम्ही तिच्या सासूबाई ना?" मॅडमनी विचारलं. आवाज गोड होता, पण आत सुई होती. "वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी आहे हो ती. परीक्षा अशी तोंडावर आलेली आणि तुम्ही तिला घरी बसवलंत? मूल जरा सांभाळलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार तेवढ्यात नातवाने घास फुर्रकन उडवला तो थेट फोनवर. मी फोन पुसेपर्यंत मॅडमनी "आजच्या काळातसुद्धा!" असं काहीतरी म्हणून फोन ठेवूनही दिला.

"तू काय सांगितलंस त्यांना?" मी सुनेला विचारलं.

"काही नाही. बाळ लहान आहे, एवढंच म्हटलं."

"आणि पुढचं त्यांनीच रचलं. बरोबर आहे. सासू म्हटली की लोकांना फार डोकं चालवावं लागत नाही."

एरवी ती यावर खुदकन हसली असती. आज हसली नाही. घडी घातलेला टॉवेल तिने उलगडला आणि पुन्हा घडी घालायला घेतला.

मी आयुष्य औषधांच्या कारखान्यात काढलं. सलाईनच्या बाटल्या पांढऱ्या दिव्यासमोर धरायच्या, हळूच उलट्या करायच्या आणि आत केसाएवढा कण जरी तरंगताना दिसला तरी बाटली बाजूला काढायची, हे माझं काम. त्यामुळे मला माणसातही आधी खोट दिसते, असं माझा मुलगा म्हणतो. असेलही. सुनेच्या खोडी मला पहिल्या आठवड्यातच पाठ झाल्या. चहा जिथे पिते तिथेच कप ठेवते. दिवा चालू ठेवून खोलीतून निघून जाते. पण अभ्यासाला बसली की मात्र भान हरपून बसते, आणि तेवढ्यावर मी तिचे सगळे कप उचलायला तयार होते.

लग्न ठरताना तिच्या वडिलांनी चाचरत विचारलं होतं, "तिची अजून दोन वर्षं राहिलीत. पूर्ण करू द्याल ना?"

"करू द्याल म्हणजे?" मी म्हटलं होतं. "करायलाच पाहिजे. अर्धवट काम आमच्याकडे चालत नाही."

ती रसायनशास्त्र शिकत होती. आमच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर काचेची प्रयोगशाळा होती. पांढरे कोट घातलेली माणसं तिथे बसायची आणि आम्ही खालून जाता-येता मान वर करून बघायचो. त्या काचेच्या आत पाऊल टाकायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. आपलं कुणीतरी तिथे बसावं असं मला फार वाटायचं. सुनेला हे मी कधी बोलून दाखवलं नाही, पण तिच्या शिक्षणासाठी माझा एवढा आटापिटा चालायचा तो यासाठीच.

मग नातवाने यायची घाई केली. ती जेमतेम अंग सावरतेय तोवर शेवटचं वर्ष सुरू झालं. लेक्चर बुडवता येतात, प्रॅक्टिकल बुडवता येत नाहीत. आणि आमच्या या छोट्या साहेबांना दुधाची बाटली चालत नव्हती. बाटली पाहिली की घर डोक्यावर घ्यायचे. म्हणून मीच त्याला कडेवर घेऊन बसने कॉलेजच्या फाटकाशी जायला लागले. मधल्या सुट्टीत सून प्रयोगशाळेतून पळत यायची. हातांना साबणाचा वास, केसांना आणखी कसला तरी. पहिल्या दिवशी वॉचमनने अडवलं. "आत फक्त विद्यार्थी," म्हणाला.

"हा पुढे विद्यार्थीच होणार आहे," मी म्हटलं. "आत्तापासून सवय लागू दे."

वॉचमन हसला आणि आपली केबिन मोकळी करून दिली. मग रोज तो बाहेर उन्हात उभा राहायचा आणि केबिनचा पडदा ओढून आत ती बाळाला पाजायची. एका हाताने त्याला धरायची, दुसऱ्या हाताने वहीची पानं उलटायची. तिच्या मैत्रिणी यायच्या, बाळाचे गाल ओढायच्या, जायच्या. मला ते दिवस फार आवडले. कुणी विचारलं तर मी आता सांगते की कंबर मोडली माझी, पण तेव्हा मी हवेत होते.

पोर मोठं झालं, वरचं खायला लागलं. फाटकाशी जायची गरज उरली नाही. ती सकाळी जायची आणि दिवे लागायच्या सुमाराला यायची. दिवसभर तो आणि मी. त्याला न्हाऊमाखू घालायचं, भरवायचं, झोपवायचं, त्याच्यामागे घरभर रांगायचं. माझा मुलगा एवढा असताना यातलं काहीच माझ्या वाट्याला आलं नव्हतं. मी कारखान्यात पाळीवर जायचे आणि माझ्या सासूबाई त्याला बघायच्या. आता उतारवयात देवाने हात मोकळे करून एक मूल माझ्या मांडीवर ठेवलं होतं. मी त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपत होते.

एक दिवस ती दारातून आली, हात पसरून "ये" म्हणाली आणि त्याने तोंड फिरवून माझ्या खांद्यात लपवलं. आम्ही दोघी हसलो. "बघा, ओळख दाखवत नाही!" असं म्हणून तिने त्याच्या पाठीत हलकीच चापट मारली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच. ती घ्यायला आली की हा माझी साडी मुठीत धरायचा. तिची समजूत घालायला मी म्हणायचे, "लबाड आहे मेला." पण खोटं कशाला बोलू, आतून मला गुदगुल्या व्हायच्या. एवढं कुणी मला कधी धरून ठेवलं नव्हतं.

गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी ती जमिनीवर वह्या पसरून बसली होती. मी खिडकीजवळ भाजी निवडत होते. बाळ टेबलाला धरून उभं राहत होतं, ते धाडकन पडलं. कोपरा कपाळाला लागला. ती अगदी हाताच्या अंतरावर होती. तिने वही फेकून दोन्ही हात पुढे केले. तो रडत, लाळ गाळत रांगत निघाला. तिच्या मांडीपर्यंत आला, मांडीवर चढला, पलीकडे उतरला आणि माझ्याकडे आला. तिला ओलांडून आला. वाटेत उशी यावी तसं.

मी त्याला उचललं. कपाळावर टेंगूळ आलं होतं, त्यावर फुंकर घातली. सून हात तसेच पुढे धरून बसली होती. मग तिने हळूहळू वह्या गोळा केल्या, एकावर एक नीट रचल्या आणि कपाटात ठेवून दिल्या.

सोमवारी ती कॉलेजला गेली नाही. बरं नसेल, मी म्हटलं. मंगळवारीही गेली नाही, मग पुढचे आठवडेही नाही. मुलाने विचारलं, मी विचारलं. "जाईन," म्हणाली. आणि आज हा मॅडमचा फोन.

दुपारी बाळ झोपलं. मी तिला समोर बसवलं.

"आता मला नीट सांग. तो तुझ्याकडे येत नाही म्हणून हे चाललंय ना?"

ती बोटाने सतरंजीचा धागा ओढत राहिली.

"अगं वेडे, एवढ्यासाठी कुणी शिक्षण सोडतं का? तुझ्या नवऱ्याचं काय वेगळं होतं? मी कामाला लागले तेव्हा तो एवढाच होता. माझ्या सासूबाईंना आई म्हणायचा आणि मला नावाने हाक मारायचा. सगळी चाळ हसायची. मी काय नोकरी सोडून बसले? पोरं येतात परत. बघ आज त्याच्याकडे. आईवर एक दिवस आवाज चढवला नाही त्याने. असा मुलगा शोधून सापडायचा नाही."

"कधी आला परत?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"तुम्ही म्हणालात ना, परत येतात. तो तुमच्याकडे कधी आला?"

हे मला विचार करून सांगायची गरज नव्हती. ही गोष्ट मी बहिणींना, शेजारणींना, कारखान्यातल्या बायकांना कितीदा तरी सांगितली होती. "त्याची आजी गेली तेव्हा," मी म्हटलं. "शाळेत होता. सगळं घर धाय मोकलून रडत होतं आणि हा माझ्या शेजारी ताठ उभा. डोळ्यांत टिपूस नाही. तेव्हाच मी ओळखलं. आपली आई जवळ आहे हे त्याला कळलं होतं, मग तो कशाला रडेल?"

धागा तुटला. तो तिने बोटाला गुंडाळला.

"आई, वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "त्याने मला सांगितलंय त्या दिवसाचं. त्याला खूप रडायचं होतं. आपली आई गेली, असंच वाटत होतं त्याला. पण तुम्ही शेजारी उभ्या होतात. तुमच्यासमोर आजीसाठी रडलं तर तुम्हाला काय वाटेल, म्हणून त्याने दात आवळून धरले. मग शाळेच्या बाथरूममध्ये जाऊन रडायचा. खूप दिवस."

मी सतरंजीची सुरकुती हाताने सपाट केली.

"त्याचं तुमच्यावर प्रेम नाही असं नाही," ती घाईघाईने म्हणाली. "तुम्ही त्याच्यासाठी किती राबलात, सगळं जाणतो तो. फक्त म्हणाला, मला आईच्या कुशीत शिरता येत नाही. मनात आलं तरी येत नाही. मी तिला जपतो, तेवढं मला जमतं."

माझ्या मुलाचं मन मला माझ्या सुनेकडून कळत होतं. आणि ते खरं होतं. ऐकता ऐकताच मला कळलं की ते खरं आहे. त्याचा तो सौम्य आवाज, ते तब्येतीची चौकशी करणं, निघताना दारात थांबून सांगून जाणं. पाहुण्यांशी वागावं तसं तो माझ्याशी वागत आला होता, आणि मी जगाला त्याचं कौतुक सांगत फिरले होते.

"मला शिकायचा कंटाळा आलेला नाही, आई. मला रोज प्रयोगशाळा आठवते. पण मला तसं व्हायचं नाही." बोलून गेली आणि तिचा हात तोंडावर गेला. "म्हणजे, तुमच्यासारखं असं नाही म्हणायचं मला..."

"तसंच म्हणायचंय," मी म्हटलं. "म्हण."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "परीक्षा काय, पुढच्या वर्षीही असते. उद्या जाऊन मॅडमना सांगून येते, यंदा माझं नाव काढा म्हणून."

"हो. असते पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षावर टाकलेल्या गोष्टींचं काय होतं ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. त्या काचेच्या आत आता आमच्या घरातलं कुणी बसणार नव्हतं. तिला परत कॉलेजला पाठवायला मला एक वाक्य पुरलं असतं. पोर अजाण आहे, दोन महिन्यांत सगळं विसरेल, असं काहीही. पण ज्या तोंडाने मी इतकी वर्षं खोटी गोष्ट खरी म्हणून सांगितली, त्या तोंडातून आता आवाजच फुटेना.

तेवढ्यात आत बाळ उठलं. उठल्या उठल्या त्याला माणूस लागतं, नाहीतर रडून गोंधळ घालतो. माझे पाय आपोआप उचलले गेले. दोन पावलं गेले आणि थांबले. "तू जा," मी तिला म्हटलं.

तिने त्याला उचललं. त्याने डोळे चोळून पाहिलं की हात कुणाचे, आणि पाठ ताणून टाहो फोडला. माझ्याकडे झेपावला. तिच्या हातांतून सुटायला बघत होता.

"आई, घ्या ना त्याला. घसा बसेल."

"नको. तुझ्याकडेच राहू दे."

"मला नाही बघवत हो."

"मलाही नाही," मी म्हटलं आणि गॅलरीत जाऊन दार लावून घेतलं, म्हणजे त्याला मी दिसायला नको. आतून त्याचं रडणं ऐकू येत होतं, आणि फेऱ्या मारणारी तिची पावलं. ती काही काही सांगत होती त्याला, गाणंही म्हणत होती, सूर सोडून. माझा हात दोनदा कडीकडे गेला. माझा मुलगा असा रडला तेव्हा मी जिन्यावरून खाली उतरत असायचे, कारण कारखान्याची गाडी थांबत नसे.

खूप वेळाने आतला आवाज उतरला. मी दार किलकिलं केलं. तिच्या मानेत तोंड खुपसून तो हुंदके देत होता, आणि त्याची मूठ तिच्या गळ्याशी कपड्यात घट्ट रुतली होती. तिने माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. मी मान हलवली आणि दार पुन्हा लावून घेतलं. मग मला रडू आलं. शाळेच्या बाथरूममध्ये एकटा रडलेल्या माझ्या मुलासाठी आलं. आतल्या दोघांना ऐकू जाऊ नये म्हणून मी पदर तोंडात धरला.